एका डोळ्यातली देवी

डिंडोलीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर हॅलोजनच्या झोतात देवीचं एक विचित्र चित्र: तोंड निळं, साडी हिरवीगार, केस पांढरे. शेजारी कोऱ्या कापडाचा पडदा आणि पाटावर भगवी शाल पांघरलेले नेत्रानंद महाराज.

"हे देवीचं कलियुगातलं रूप. नाकावरच्या ठिपक्याकडे बघा, जप करा. पापणी लवली की पुण्याई गळाली! हं, आता पडद्याकडे."

पडद्यावर लाल साडीतली, उजळ मुखाची, काळ्याभोर केसांची देवी तरंगू लागली. हॉलभर हुंदके फुटले.

"माले आज बी दिसनी," धुरपदाबाई लेकीच्या कानाशी म्हणाल्या. "नजर जाय तिकडे तीच."

लेक हर्षदा शाळेत विज्ञान शिकवत असे. ती इथे आली होती थेंबांपायी. धुरपदाबाईंना काचबिंदू होता. थेंब चुकवले तर नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महाराज मात्र मागच्या वेळी म्हणाले होते, देवी दिसली ते डोळे शुद्ध झाले, त्यांत औषध घालणं हा तिचा अपमान. झालं, थेंब बंद.

हर्षदानेही टक लावली. तिलाही देवी दिसली. आधी पडद्यावर, मग भिंतीवर, मग शेजारच्या लोटूकाकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"काका, तुमच्या पोटावर देवी आलीय."

"तरीच पोट जड वाटी राहिनं," लोटूकाका म्हणाले.

"माय, आता डावा डोळा तळहाताने झाक. चित्र नुसत्या उजव्याने बघ."

धुरपदाबाईंनी तसं केलं.

"आता हात बदल. उजवा झाकून डाव्याने पडदा बघ."

"नाही वं दिसत."

"आता डावा झाक, उजव्याने बघ."

"आली."

महाराजांचे कान तिखट. "डाव्या डोळ्यात पाप साठलंय, बाई."

लोटूकाकांनी उलट करून पाहिलं. चित्र डाव्याने, पडदा उजव्याने. पडदा कोराच. "मनं पाप उजवा डोयामा शे," ते गंभीरपणे म्हणाले. मागच्या बायका खुदखुदल्या.

"महाराज, जरा स्थिर बसाल?" हर्षदाने विचारलं. "सगळ्यांनी तुमच्याकडेच टक लावावी म्हणते."

महाराज खुलले, ताठ बसले, चेहऱ्यावर तेज आणलं. लोकांनी मनसोक्त बघून घेतलं आणि पडद्याकडे नजर वळवली. तिथे निळी शाल पांघरलेले, काळवंडल्या तोंडाचे नेत्रानंद तरंगत होते.

हॉल हसण्याने दणाणला.

"एका रंगाकडे टक लावली की डोळ्यातल्या त्या रंगाच्या पेशी थकतात," हर्षदा म्हणाली. "मग पांढऱ्यावर बाकीच्यांचा जोर होतो आणि उलटा रंग दिसतो. म्हणून देवी उलट्या रंगांत रंगवलीय. जो डोळा थकला त्यालाच ती दिसते."

"नास्तिकांसमोर देवी थांबत नाही," असं म्हणत महाराजांनी स्वतःच हॅलोजन बंद केला.

बाहेर येऊन धुरपदाबाई पायरीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलनू?"

"नाही माय. तुला खरंच दिसलं. फक्त ते पडद्यावर नव्हतं, तुझ्या डोळ्यात होतं." हर्षदा समोर बसली. "माझ्या नाकाकडे बघ." तिने एक बोट आईच्या कानामागून हळूहळू पुढे आणलं. "बोट दिसलं की सांग."

बोट पार गालापुढे आल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या, "आत्ते दिसनं."

"मला ते केव्हाच दिसलं असतं. इतका वेळ तिथे काळोख होता का?"

"नाही. भिंत होती ना."

"ती भिंत मनाने भरलीय. काचबिंदूने कडेची नजर आधी जाते, पण तिथे भोक दिसत नाही. मन आजूबाजूचं उचलून ठिगळ लावतं. म्हणून नजर चाललीय हे आपल्याला कळतच नाही. दिसतं त्यावर विश्वास ठेव माय, पण पारखून. एक डोळा झाकून बघ, जागा बदलून बघ, दुसऱ्याला विचार."

धुरपदाबाईंनी स्वतःचं बोट कानापासून पुढे आणून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने. मग पुन्हा.

"मेडिकल उघडं असेल का?" त्यांनी विचारलं आणि उठल्या.

रस्ता ओलांडण्याआधी त्या थांबल्या, मान पुरती वळवून दोन्हीकडे पाहिलं आणि मगच पाऊल टाकलं.