म्हाळसाबाईची रेघ

म्हाळसाबाईला जाऊन दहा महिने झाले होते. संक्रांत आठ दिवसांवर आली तेव्हा वळसंगहून तिच्या धाकट्या बहिणीचा, सारजाबाईचा फोन आला. यंदा घरात सण नव्हताच. तरी ती म्हणाली, “दाजी, यंदा आक्काचं कार्ड येणार न्हाय व्हय?”

“बघतो,” म्हणत म्हाळसाबाईच्या नवऱ्यानं, शंकरप्पानं, फोन ठेवला. गेली अकरा वर्षं संक्रांतीची कार्डं या घरात हातानं व्हायची आणि टपालानं वीस घरी जायची. मुलगा श्रीशैल पुठ्ठा कापायचा, नात संस्कृती कोपऱ्यात तीळ चिकटवायची, शंकरप्पा पाकिटांवर पत्ते लिहायचा. मधली रांगोळी मात्र म्हाळसाबाईची. ठिपके मांडून ती त्यांच्याभोवती काळ्या शाईची रेघ फिरवायची.

“आपण करू की, आज्जा,” संस्कृती म्हणाली.

करायचं तर नमुना हवा. कपाटं, पेट्या, गादीखालचे कागद, सगळं शोधलं. एकही कार्ड सापडलं नाही. केली तेवढी सगळी लोकांच्या घरी गेली होती. शेवटी सारजाबाईलाच फोटो पाठवायला सांगितलं. तिनं अकराच्या अकरा कार्डं कपाटाच्या दाराला आतून ओळीनं चिकटवून ठेवली होती.

शंकरप्पानं चष्मा लावला. त्याची अडतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर फुलं-वेली मांडण्यात गेली होती. बायको दरवर्षी एकच रांगोळी काढते, असं त्याला वाटायचं. एकदा बोललाही होता, “तेच ते काय गिरवत बसतीस?” ती हसली होती. “तेच हाय व्हय? बरं.”

ते तेच नव्हतं. पहिल्या कार्डावर सहा ठिपके होते. दुसऱ्यावर बारा, तिसऱ्यावर वीस. गेल्या वर्षीच्या कार्डावर एकशे छप्पन. आणि रेघ? तो बोटानं रेघेच्या मागं निघाला तर मोबाइलवरचा फोटोच सरकला.

“आज्जा, बोट लावलं की पळतंय ते. झाडूची काडी घे,” संस्कृती हसत म्हणाली.

काडीनं तो निघाला. रेघ ठिपक्यांच्या मधून तिरकी जायची, काठाला आली की वळायची, परत तिरकी. कुठं तुटली नव्हती. सगळ्या ठिपक्यांना वेढून ती निघाली तिथंच येऊन मिळत होती. अकराही कार्डांत एकच रेघ. शंकरप्पानं काडी खाली ठेवली.

“गेल्या वर्षीचं बघून तसंच काढा की, आप्पा,” श्रीशैल म्हणाला.

“तसंच न्हाय. ती वाढवत आलीया. यंदा फुडचं पायजे. जमलं न्हाय तर तिचं काम हितंच थांबलं म्हणायचं.”

गेल्या वर्षी आडव्यात तेरा ठिपके होते, उभ्यात बारा. मागावर रुंदी ठरलेली असते, वाढते ती लांबी. त्याच सवयीनं शंकरप्पानं खाली एक ओळ वाढवली आणि रेघ सोडली. चार काठांना एकेकदा शिवून रेघ सुरुवातीला परत आली. बाकीचे ठिपके तसेच उघडे. दुसऱ्या ठिपक्यापासून सुरू केलं, तेच झालं. दीड दिवसात अठरा कागद गेले.

“आज्जा, आज्जी कागद फाडत नव्हती,” संस्कृती म्हणाली.

“गप बस, भवाने,” तो म्हणाला, पण त्याला हसू आलं. मग त्यानं फोटो परत घेतला आणि रेघ सोडून नुसते ठिपके मोजले. उभे दोन, आडवे तीन. तीन, चार. चार, पाच. दरवर्षी दोन्हीकडं एकेक वाढलेला. दोन्ही बाजू तिनं एकदाही सारख्या होऊ दिल्या नव्हत्या. त्यानं केलेला चौकोन मात्र दोन्हीकडून तेराचा होता.

नव्या पुठ्ठ्यावर त्यानं उभे तेरा, आडवे चौदा ठिपके मांडले आणि पेन टेकवलं. श्रीशैल पुठ्ठा धरून होता. संस्कृती तोंडावर हात ठेवून बघत होती. रेघ काठाला गेली, वळली, परत आली, पण मधेच सुरुवातीला मिळाली नाही. चहा गार झाला. कोणी उठलं नाही. शेवटी पेन निघालं होतं तिथं येऊन टेकलं.

संस्कृतीनं ठिपके मोजले. “एकशे ब्याऐंशी. एकबी सुटला न्हाय! आज्जीला हे कुणी शिकवलं?”

“ठाऊक न्हाय, बाळा. मी कधी इचारलंच न्हाय.”

म्हाळसाबाई चौथीपर्यंत शिकलेली. चुलीवरच्या दुधावर एक डोळा ठेवून ती हे काढायची. त्याला चौकटीचा कागद, पट्टी आणि दीड दिवस लागला. तोही तिच्या मागं चालून.

“अजून एकोणीस करायचीत, आप्पा,” श्रीशैलनं दुसरा पुठ्ठा पुढं सरकवला.

शंकरप्पा पहिल्या कार्डाकडंच बघत राहिला. ठिपके काठापर्यंत पोचले होते. पुढच्या वर्षी चौदा आणि पंधरा, त्याच्या पुढच्या वर्षी पंधरा आणि सोळा. मनात तो मोजत गेला, आणि ते कुठं थांबेना.

“श्रीशैल,” तो हळूच म्हणाला, “फुडच्या वर्षी पुठ्ठा मोठा काप.”