उलटा फिरलेला कॉम्प्रेसर

मिस्त्रींना आताशा जिना चढायचंच जिवावर यायचं. चार मजले, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि वर गच्चीत भाजणारं ऊन. पूर्वी हे ओझं दोघांत वाटलं जायचं. वायरिंगचं काम मेहुण्याकडे, म्हणून तारा-बोर्ड तो उचलायचा. बावीस वर्षं दोघांनी मिळून दुकानांच्या थंड खोल्या उभ्या केल्या होत्या. गेल्या महिन्यात मात्र एका मासळीवाल्याकडे सगळं फिसकटलं. तिथे बसवलेला कोरा करकरीत कॉम्प्रेसर एका दिवसात जळाला आणि मिस्त्रींनी गिऱ्हाइकासमोरच मेहुण्याला फैलावर घेतलं. "वायर ढिली ठेवलीस, म्हणून मोटार गेली!" मेहुण्याने पक्कड पिशवीत टाकली आणि तो चालता झाला. त्यानंतर तो घरी फिरकला नव्हता, आणि बायको मिस्त्रींशी कामापुरतंच बोलत होती.

आजचं काम दूध-लोण्याचं दुकान चालवणाऱ्या बाईंचं. नवा कॉम्प्रेसर गच्चीत बसवून झाला होता. तेलात मुरलेला गॅस उडून जावा म्हणून तळाचा हीटर कालपासून चालू होता. तिन्ही वायरी मिस्त्रींनी स्वतःच जोडल्या होत्या. एरवी गॅस भरला की ते दाब दाखवणारे गेज काढून ठेवायचे. मशीन चालू झाल्यावर ते कानानेच पारखायचं, ही त्यांची जुनी ऐट होती. आज पुन्हा वाकायचा कंटाळा आला, म्हणून दोन्ही गेज तसेच लटकत राहिले.

त्यांनी बटण दाबलं. दुरून यावी तशी घरघर आली. बरं वाटलं. ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत टेकले, तोच बाई धापा टाकत गच्चीत आल्या. दोन्ही हात कानांवर.

"मिस्त्री, बंद करा आधी ते!"

"नवीन मशीन आहे बाई. सुरुवातीला जरा कुरकुर करतं."

"कुरकुर? पत्र्याच्या डब्यात दगड खुळखुळावेत तसा आवाज येतोय! खाली गिऱ्हाइकं वर बघायला लागलीत."

मिस्त्रींनी कान दिला. तीच मंद घरघर. मग त्यांची नजर गेजकडे गेली. एव्हाना एक काटा खाली यायला हवा होता, दुसरा वर चढायला हवा होता. दोन्ही काटे एकाच जागी ढिम्म उभे होते. मिस्त्रींनी झटकन बटण बंद केलं.

कॉम्प्रेसर उलटा फिरत होता. तीन वायरींचा क्रम चुकला की असं होतं. मशीन फिरतं, खडखडतं, पण गॅस दाबत नाही. तसंच चालू ठेवलं तर तापून मरतं. यात वायर जोडणाऱ्याचा दोष नसतो, कारण कुठली वायर आधी हे चालू करूनच कळतं. आणि चालू झाल्यावर ऐकायचं काम मिस्त्रींचं.

त्यांनी दोन वायरींची अदलाबदल केली, पाच मिनिटं थांबले आणि पुन्हा बटण दाबलं. काटे लगेच हलले.

"आता कसं! शहाण्यासारखं चालतंय," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला मघाशी ऐकू नाही आलं?"

मिस्त्रींना मघाचा आणि आताचा आवाज सारखाच वाटला होता. त्यांनी तोंडावरून रुमाल फिरवला.

"नाही आलं," ते म्हणाले.

दुपारी ते जेवायला घरी गेले नाहीत, सरळ मेहुण्याच्या दारात उभे राहिले. तो पाटावर बसून कुणाचा तरी पंखा उघडत होता. त्याने वर पाहिलं, पण 'या' म्हटलं नाही.

"मासळीवाल्याकडची वायर ढिली नव्हती," मिस्त्री उंबऱ्यातूनच म्हणाले. "मशीन उलटं फिरत होतं. मला ते कळलंच नाही."

"माहितेय."

"माहितेय? मग तेव्हा बोलला का नाहीस?"

मेहुण्याने स्क्रू ताटलीत ठेवला. "बोललो होतो, दाजी. मशीन चालू केलं तेव्हाच दोनदा म्हणालो, आवाज बरा नाही. तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत. मला वाटलं, कानामागे टाकताय."

मिस्त्री मटकन पायरीवर बसले. आतून मेहुण्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं.

"चल, मासळीवाल्याकडे जाऊन सांगू."

"मी कशाला? त्यांच्यासमोर मला बोललात, आता त्यांच्यासमोरच तुम्ही सांगा. आणि आधी कान दाखवा."

मिस्त्री एकटेच गेले. मासळीवाल्याने सगळं ऐकून घेतलं, हातातला सुरा धुतला आणि म्हणाला, "खरं बोललात हे चांगलं केलंत. पण पुढचं काम आता तुम्हाला कसं देऊ?" घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकता ऐकता ताट वाढलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. उजवा कान जवळजवळ गेला होता, डावा अर्धा.

तीन आठवड्यांनी एका सकाळी मेहुणा तारांचं भेंडोळं घेऊन दारात आला. चेहरा अजून फुगलेलाच होता. नव्या कामावर जिना चढताना तो तोंड मिस्त्रींच्या डाव्या कानाशी नेऊन मोठ्याने म्हणाला, "एक गोष्ट ठरली, दाजी. मशीन पहिल्यांदा चालू करताना ऐकायचं मी. तुम्ही काटे बघायचे."

"बरं," मिस्त्री म्हणाले आणि कठडा धरून पुढची पायरी चढले.