कोरी चौकट

गल्लीतली सगळी घरं लाल आणि एकटं मामाचं हिरवं, असा नकाशा ज्या दिवशी नाक्यावरच्या भिंतीला चिकटला, त्या दिवशी मामाच्या सुतारकामाच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नाही. लाल म्हणजे पुराचा धोका, घर रिकामं करा. हिरवं म्हणजे खुशाल राहा. गल्ली उतारावरची आणि मामाचं घर सगळ्यांत खाली, ओघळीच्या तोंडाशी. वरच्यांना बुडवून खालच्याला कोरडं सोडणारं पाणी कुणी पाहिलंय का? पण नकाशा म्हणत होता म्हणजे म्हणत होता, आणि खाली कार्यालयाचा शिक्का आणि हरकतींवरच्या सुनावणीची तारीख होती.

इस्त्रीवाली मावशी तेवढी आली. तीही उंबऱ्यापर्यंतच. "काय सुतारदादा, भाची नकाशाच्या ऑफिसात असली की पाणीसुद्धा ओळख दाखवतं म्हणायचं!"

मामाने रंधा थांबवला नाही. उत्तर आतून आलं. "मावशी, तो नकाशा मी काढलेला नाही."

"मग काय देवाने काढला?"

"देवाने काढला असता तर आधी उतार बघितला असता."

ही टाचणी. लहानपणी अंगाने काडी आणि जिभेने अशी टोचरी की मामानेच हे नाव ठेवलं. आईबाप लवकर गेले, मामामामीने पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं. आता ती नगर कार्यालयाच्या नकाशा विभागात होती. हा नकाशा मात्र बाहेरच्या कंपनीने करून दिलेला. मावशी गेली, पण तिचा शब्द खोलीत भुशासारखा तरंगत राहिला.

दुसऱ्या दिवशी टाचणीने ऑफिसात कंपनीचे मूळ आकडे उघडले. त्याला रास्टर म्हणतात. अवघड काही नाही, चौकड्यांची चादर समजा. सगळं गाव बारीक चौकटींत कापलेलं आणि दर चौकटीत एकच आकडा, तिथली उंची. ड्रोन वरून फोटो काढत जातो, मग शेजारशेजारच्या फोटोंतल्या सारख्या खुणा जुळवून उंची काढतात. आता गल्लीने काय केलं होतं? घरं तापतात म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून छपरांना पांढराफेक चुना फासला होता. ड्रोनला दिसला तो नुसता लखलखाट. खूण नाही म्हणून जुळणी नाही, जुळणी नाही म्हणून उंची नाही. त्या चौकटी कोऱ्या राहिल्या, आणि कंपनीतल्या कुणीतरी हात झटकावेत तसं त्या कोऱ्या चौकटींत शून्य भरून टाकलं.

शून्य उंची म्हणजे समुद्राची पातळी! टेकडीवरची नांदती गल्ली एका बोटासरशी पाताळात गेली. वरचं सगळं पाणी नकाशात त्या खड्ड्यात कोसळत होतं आणि खाली मामाच्या दारी थेंब पोचत नव्हता. मामाचं छप्पर तेवढं चुन्याविना राहिलं होतं. शिडी त्याची. ती वर प्रत्येकाच्या घरी फिरत राहिली आणि परत आली तेव्हा चुना संपला होता.

ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब वाईट माणूस नव्हते. पण एकदा सही केली की ती दगडावरची रेघ, असा त्यांचा स्वभाव.

"कोऱ्या जागी शून्य भरलंय, साहेब. मोजलं नाही म्हणजे शून्य आहे असं होत नाही."

"कंपनीचं सॉफ्टवेअर महागातलं आहे, मॅडम. त्यात असं होत नाही."

"झालंय. उघडून दाखवते."

"उघडता येत नाही. ते बंद आहे, त्यांचं त्यांनाच उघडतं. आणि तुमचं ते फुकटचं सॉफ्टवेअर या ऑफिसात चालणार नाही. घरी काय भातुकली खेळायची ती खेळा."

"बरं," टाचणी म्हणाली. "खेळते."

तिच्या घरच्या संगणकावरचं नकाशाचं सॉफ्टवेअर मुक्त होतं. त्याचा कोड कुणीही वाचावा, चूक दिसली तर सुधारावी, नवी सोय हवी तर प्लगइन लिहून जोडावं. अन्नछत्रासारखा कारभार. कुणी रांधतं, कुणी वाढतं, कुणी जेवून जातं. टाचणीने प्लगइन लिहायला घेतलं. त्याचं काम एवढंच, की पाण्याची वाट काढण्याआधी त्याने प्रत्येक चौकट तपासायची. कोरी, किंवा भोवती टेकडी असताना मधेच शून्य भरलेली, सापडली की थांबायचं आणि सरळ म्हणायचं, 'मला माहीत नाही.' तिथे कुणी प्रत्यक्ष मोजून उंची देईल तेव्हाच पुढे जायचं. नाव ठेवलं 'कोरी चौकट'.

प्लगइन सगळ्यांसाठीच्या यादीत घालायचं तर आधी तपासणी होते. तपासणारा सातासमुद्रापलीकडचा कुणीतरी, 'कासव' या नावाने लिहिणारा. त्याने ते परत पाठवलं. छपरांच्या कडेच्या चौकटी अर्धवट मोजल्या जातात, म्हणाला. टाचणी चरफडली, मग बघितलं तर त्याचं खरं होतं. सुधारून धाडलं, त्याने पुन्हा एक खोड काढली.

"हा कोण तुझा सासरा लागून गेला?" मामी म्हणाली.

"सासऱ्याहून वरचढ आहे. पण याला आपली गल्ली माहीत नाही, साहेब माहीत नाही. म्हणून तर याचं 'ठीक' मला हवंय."

कासवाचं 'ठीक' येईतो दोघींनी गल्ली मोजून काढली. टाचणी तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायची आणि मामी मापाची काठी धरून दारोदार उभी राहायची.

"सरळ धर, मामी!"

"मी सरळच आहे. तुझी गल्ली वाकडी आहे."

इस्त्रीवाली मावशी खिडकीतून बघत होती. पाणीही विचारलं नाही. पण काठी तिच्या दारात आली तेव्हा तिने पायरीवरची कुंडी बाजूला सरकवली.

प्लगइन यादीत लागलं. टाचणीने मापं भरली आणि बटण दाबलं. पडद्यावर खड्डा बुजला, गल्ली पाताळातून वर आली आणि घरामागून घर हिरवं होत गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पडद्यावरचं पाणी, आता मधे गिळणारं कुणी नाही म्हणून, वरून मोकळं निघालं, ओघळीला लागलं आणि खाली मामाच्या घरात शिरलं. तेवढं एक घर लालभडक झालं.

तिने पुन्हा चालवलं. पाण्याने वाट बदलली नाही.

मामा खोलीत एका दाराच्या चौकटीला खाच पाडत होता. हे घर त्याने स्वतःच्या हाताने उभं केलेलं. तिने संगणक तसाच त्याच्यापुढे लाकडावर ठेवला. त्याने पडद्यावर बोट टेकवलं.

"हे लाल ते आपलं?"

"हो."

मामी पदर तोंडाशी धरून पुढे आली. "टाचणे, एक आकडा इकडचा तिकडे केला तर कुणाला कळणार आहे गं? वरचे सगळे सुटतायत. आपणही सुटू."

"कळणार कुणालाच नाही, मामी. पण मग साहेबांच्या शून्यात आणि माझ्या आकड्यात फरक काय राहिला?"

"फरक राहील, डोक्यावर छप्पर राहील!"

मामाने पटाशी खाली ठेवली. आवाज चढला तो मात्र वेगळ्याच दिशेने. "त्या कासवाने बघितलं हे?"

"त्याने प्लगइन बघितलं. आपलं घर नाही."

"मग सुनावणीत सगळं दाखव. आणि मला खुर्ची पुढची पाहिजे."

सुनावणीच्या दिवशी सभागृहात गल्ली दाटीवाटीने बसली होती. निकाल द्यायला बाहेरून आलेल्या अध्यक्षबाई होत्या. साहेब टाचणीकडे न बघता बोलले. "या कर्मचारी महिलेने परवानगीशिवाय हा उद्योग केलेला आहे. प्रोग्रॅम हिचा, मापं हिची आणि गल्ली हिच्या मामाची. यावर विश्वास कुणी ठेवायचा?"

सभागृहात कुजबुज झाली. खरंच तर होतं ते.

टाचणी उठली. "माझ्यावर ठेवूच नका. बाई, तुमच्यासमोर जो संगणक आहे त्यात हेच मुक्त सॉफ्टवेअर टाकता येतं. प्लगइन यादीतून तुम्ही जोडा. कोड उघडा आहे. आकडे कंपनीचेच घ्या. मी हात लावत नाही." आणि ती खरोखर हात मागे बांधून उभी राहिली.

"ऑफिसचा नियम..." साहेब म्हणाले.

"हा संगणक ऑफिसचा नाही, माझा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि यादीत शोधून प्लगइन जोडलं. कंपनीचे आकडे दिले मात्र, ते अडलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ओळ उमटली, 'या चौकटींची उंची मला माहीत नाही', आणि मामाचं सोडून अख्खी गल्ली कोरी दिसली.

"आता कळलं, तुमच्या नकाशाला काय माहीत होतं ते," टाचणी साहेबांना म्हणाली. "आमची घरं नाहीत असं माहीत होतं."

मग टाचणीने मोजलेल्या उंच्या अध्यक्षबाईंनीच भरल्या. घरं हिरवी होत गेली तशी पाठीमागून टाळी पडली, दुसरी पडली, आणि शेवटचं घर लाल झालं तशा टाळ्या अर्ध्यातच विरल्या.

मामा उभा राहिला. "बाई, ते लाल घर माझं. या पोरीचा मामा तो मीच. हिला लबाडी करायची असती तर कुणाच्या घरापासून सुरुवात केली असती, ते साहेबांनी सांगावं." साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले. "कंपनीच्या नकाशात मी हिरवा होतो. महिनाभर हिरव्या घरात मान खाली घालून राहिलो. आता लाल घरातून मान वर करून निघतो. पण वरच्या एकाही दाराला हात लावायचा नाही. लावायचा तर आधी मोजायचं."

अध्यक्षबाईंनी घरं रिकामी करायच्या नोटिसा थांबवल्या आणि कार्यालयाने माणसं पाठवून गल्ली पुन्हा मोजावी, असा आदेश दिला. बाहेर पडताना साहेबांनी टाचणीला गाठलं. "ते प्लगइन यादीतून काढून टाका. इतर गावांतूनही चौकशा सुरू होतील. नोकरीचा विचार करा."

"नोकरी तुमच्या हातात आहे, साहेब. प्लगइन आता माझ्याही हातात नाही. ज्याने उतरवून घेतलं त्याचं ते झालं. आणि चौकशांचं म्हणाल तर, होऊ देत."

कार्यालयाची माणसं आली, मोजून गेली. आकडे बोटभर इकडेतिकडे निघाले, पाण्याची वाट तीच. मामाने घर स्वतःच उतरवलं. कुणाला हातोडा लावू दिला नाही. तो दाराची जुनी चौकट खांद्यावर घेऊन गल्ली चढू लागला तेव्हा दुसरं टोक कुणीतरी उचललं. बघतो तर इस्त्रीवाली मावशी.

"माझ्या मागची खोली रिकामी आहे," ती धापा टाकत म्हणाली. "आणि बोलले ते बोलले. परत काढायचं नाही."

"मी कुठे काढलं?"

"चेहऱ्यावर दिसतंय."

खोलीशी पोचल्यावर मामाने चौकट भिंतीला टेकवली, खिळा तोंडात धरला आणि हातोडा उचलून थांबला. "टाचणे, ही जागा हिरव्यात आहे ना?"

सगळा नकाशा तिला पाठ होता. पण ही मागची खोली तिने मोजली नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "थांब. मामी, काठी आण."

मामाने हातोडा खाली ठेवला आणि वाट बघत पायरीवर बसला.