धर्माचं लॉगआउट

सत्याऐंशी साली अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत एक युनिक्स मशीन, चार टर्मिनल आणि सात माणसं होती. कोण किती काम करतं हे कीर्तिकर साहेब तोंड बघून ठरवत नसत. महिनाअखेर प्रत्येकाच्या लॉगिनचे तास मशीनच छापून देई. यंदा ज्याचे तास जास्त, तो सहा महिने जर्मनीला.

वर्सोव्याच्या धर्माला जर्मनी हवी होती. कामाला तो वाईट नव्हता, फक्त जवळची वाट दिसली की लांबची त्याला दिसत नसे.

मशीनमध्ये एलियस नावाची सोय असते. लांबलचक आज्ञेला आपण छोटं घरगुती नाव ठेवायचं. ते मशीनच्या स्वतःच्या आज्ञेचंच नाव निघालं, तरी मशीन हूं का चूं करत नाही, आधी आपलं ऐकतं. धर्माने ‘लॉगआउट’ हेच नाव ठेवलं आणि त्याचं काम ठरवलं, नुसता पडदा पुसणं. पाळी संपली की सर्वांदेखत लॉगआउट टाइप करून तो उठे. पडदा कोरा, आणि मशीनच्या लेखी धर्मा खुर्चीतच.

त्या खुर्चीत मग पुढच्या पाळीची शुभा बसे. मशीन उघडंच मिळालं तर पासवर्डाची कटकट कोण करतंय! फाइली सगळ्यांच्या सामायिक. पहिल्या महिन्यात धर्माचे तास भरले दोनशे ऐंशी, शुभाचे साठ.

“शिका काही धर्माकडून,” साहेब म्हणाले. शुभाने कागद उलटा करून ठेवला.

नारळी पौर्णिमेला धर्मा अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी बारालाच गावी गेला. संध्याकाळी पाच वाजता गिऱ्हाइकाची सुट्या भागांची यादी उडाली. मशीनच्या नोंदीत नाव निघालं धर्माचं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एका हातात रजेचा अर्ज धरला, दुसऱ्यात नोंद. “तू वर्सोव्यात होतास की इथे? नीट विचार करून उद्या सांग.”

बाहेर येऊन धर्माने शुभाला गाठलं. “तूच उडवलीस ना गं?”

“हो. जुनी समजून. सकाळीच सांगणार होते, पण मशीन म्हणतं तू उडवलीस. मग म्हटलं, मशीनपेक्षा मी काय शहाणी?”

“यार, माझी वाट लागली! इथे होतो म्हणालो तर यादी माझ्या माथी. नव्हतो म्हणालो तर तास जातात.”

“सगळेच जात नाहीत रे. तू स्वतः बसलास ते राहतात.”

मग दोघं एकदमच आत गेले. शुभाने यादीचं सांगितलं, धर्माने एलियसचं. साहेबांनी पाळ्यांचं रजिस्टर काढून तास नव्याने मांडले. धर्मा एकशे तीस, शुभा दोनशे दहा.

दोन दिवस धर्मा कागदावरून भागांचे नंबर वाचत होता आणि शुभा टाइप करत होती. तिसऱ्या पानावर तिने विचारलं, “पासपोर्टचा फॉर्म कुठे मिळतो रे?”

“वरळीला,” धर्मा म्हणाला. “सकाळी सातला रांगेत उभी राहा. फोटो चार ने, मी दोनच नेले होते.”