रानातली शालवाली

आत्या निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या रानात फिरायला जायची. सगळं आयुष्य तिने रुग्णालयात नर्स म्हणून काढलं होतं. "जन्मभर फिनेल हुंगलं, आता जरा झाडं हुंगते," असं म्हणायची. तिच्या भाचीलाही तिनेच वाढवलं होतं. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. तीच भिंगरी आता एका फोटो स्टुडिओत दिवसभर खुर्चीला चिकटून लोकांचे फोटो सुधारायची.

एका रविवारी भिंगरी कॅमेरा घेऊन आत्याबरोबर रानात गेली. फोटो साधेच आले. उन्हाचे कवडसे, पायवाट, एक बाक, आणि एका फोटोत लांबवर त्या बाकाजवळ पाठमोरी उभी असलेली, खांद्यावर शाल घेतलेली आत्या.

स्टुडिओच्या मालकांनी ते पाहिले. एका हॉटेलाला भिंतीवर लावायला रानाचे फोटो हवे होते.

"फोटो बरे आहेत," मालक म्हणाले, "पण मिळमिळीत. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायला हवा. जमेल?"

जमेल म्हणजे काय! भिंगरीने ऊन काढून टाकलं. हिरव्यात निळा रंग मिसळला, कडा काळ्या केल्या, झाडांच्या बुंध्यांमध्ये धुकं सोडलं. बाक पुसून टाकला. आत्याचा फोटो करताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने शालीचा रंग उतरवला, आत्याचे पाय धुक्यात बुडवले आणि सबंध आकृती थोडी लांबवली. आता ती बाई उभी आहे की तरंगते आहे, ते कळेना.

हॉटेलाला तोच फोटो सगळ्यांत जास्त आवडला. बघताबघता तो गावाबाहेरच्या रानातली शालवाली म्हणून फोनाफोनांवर फिरू लागला. मालकांनी चारचौघांत पाठ थोपटली आणि भिंगरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी मात्र तिने यातलं काही सांगितलं नाही. आत्याला गंमत म्हणून कधीतरी दाखवू, असं ती स्वतःशी म्हणत राहिली.

एकदा जेवताना आत्या हसत म्हणाली, "अगं, आज किराणावाला मला म्हणतो, संध्याकाळी रानाकडे जाऊ नका, तिथे शालवाली फिरते. मी म्हटलं, मीही शाल घेते. मला बहीण समजून सोडून देईल."

भिंगरीने मान खाली घालून भात कालवला. "काहीतरीच बोलतात लोक," एवढंच ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात स्टुडिओत फोन आला. आत्या रुग्णालयात होती. शालवाली बघायला म्हणून कॉलेजातली काही मुलं रानात गेली होती. समोरून वळणावर आत्या आली आणि मुलं किंचाळली. पळता पळता एकाने दगड भिरकावला. तो आत्याच्या घोट्यावर बसला, तोल गेला आणि ती उतारावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया झाली. आत्या जरा बसती झाल्यावर भिंगरीने फोन तिच्यापुढे धरला.

आत्याने फोटो बराच वेळ पाहिला. "कुठलं रान ग हे?"

"आपलंच."

"आणि ही कोण?"

भिंगरीने फोटोतल्या शालीवर बोट ठेवलं. आत्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "किराणावाल्याचं मी सांगत होते, तेव्हा तू समोर जेवत होतीस," ती म्हणाली. "तेव्हा तरी बोलायचंस." मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

भिंगरी तशीच मालकांकडे गेली. फोटो काढून टाका, म्हणून तिने हातापाया पडून सांगितलं. "हॉटेलाच्या भिंतीवरून काढता येईल," मालक म्हणाले, "पण लोकांच्या फोनमधून कसा काढू? बाण सुटला, बाई." मग तिने स्वतःच मूळ फोटो सगळ्यांना पाठवला, खाली लिहिलं, "ही माझी आत्या आहे. बाकी सगळं मी केलेलं आहे." एकाने विचारलं, "आता घाबरून रंगरंगोटी करताय का?" दुसऱ्याने लिहिलं, "बाक नंतर चिकटवलाय, सरळ दिसतंय." ऊन पडलेलं रान कुणालाच खरं वाटेना.

आत्या काठी घेऊन घरात चालायला लागली, तेव्हा एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. दगड त्याने मारला होता. मान खाली घालून तो म्हणाला, "मला खरंच वाटलं, की तुम्ही... म्हणजे ती..."

"हात थरथरत होता का रे?" आत्याने विचारलं.

"हो."

"तरी नेम बरा लागला." तो रडायला लागला. आत्याने त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि अभ्यासाची चौकशी करून परत पाठवलं.

दार लागल्यावर भिंगरी म्हणाली, "त्याला किती सहज माफ केलंस."

"तो घाबरला होता," आत्या म्हणाली. "तू घाबरली नव्हतीस. तू बसून, विचार करून केलंस. मला जरा वेळ लागेल."

त्यानंतर काही दिवसांनी आत्याने चपला घातल्या. भिंगरी हात द्यायला पुढे झाली. "रस्त्यापर्यंत चल," आत्या म्हणाली. "पुढे मी एकटी जाईन."

रस्ता संपतो तिथे दोघी थांबल्या. समोरून येणाऱ्या एका बाईने आत्याला पाहिलं आणि आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. आत्याने ते पाहिलं. काठी टेकत ती सावकाश पायवाटेला लागली. स्वच्छ ऊन होतं. तरीही भिंगरीच्या नजरेसमोर त्या झाडांच्या कडा आपोआप काळ्या व्हायला लागल्या. तिने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, आणि आत्या दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी राहिली.