मध, जर्दाळू आणि थुंकी

मित्रांनो, मी एक जुनी थुंकदाणी आहे. नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. नाक शाबूत आहे म्हणून तुम्हाला मुरडता येतं. ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिला तेवढंही जमत नव्हतं.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याला माझी फुलदाणी करायची होती. ठोकता ठोकता गळा एका अंगाला कलला आणि गिऱ्हाइकाने मला घ्यायला साफ नकार दिला. तेवढ्यात दुकानात आलेल्या एका वाइनवाल्याने मला उचललं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "फुलं राहू द्या. थुंकायला झकास आहे." माझं नशीब एवढ्यावर ठरलं. पुष्कळ माणसांचंही असंच ठरतं, फक्त त्यांना तोंडावर कुणी सांगत नाही.

वाइन चाखणारा माणूस वाइन गिळत नाही. गिळत गेला तर चार-सहा पेल्यांनंतर त्याला गाढव आणि गुलाब सारखेच वाटू लागतील. म्हणून तो घोट तोंडात घोळवतो, गालात फिरवतो आणि थुंकतो. कुठे? माझ्यात. वाइनवाल्याच्या कारखान्यात तळघराशेजारी एक लांब टेबल होतं. खरेदीदार तिथे येऊन बसायचे. त्या टेबलाच्या मधोमध मी, आणि टेबलाच्या टोकाला चाखणबाई.

चाखणबाई म्हणजे त्या घराचं नाक. प्रत्येक वाइन आधी तिने चाखायची, तिचा गुण सांगायचा, मग तोच पेला मानाच्या पाहुण्याकडे द्यायचा. बाई पिते तेच पाहुणा पितो, आमच्याकडे लपवाछपवी नाही, हे दाखवायला वाइनवाल्याने ही रीत पाडली होती. तो गेला, त्याचा मुलगा मालक झाला, रीत मात्र तशीच राहिली.

बाई बोलायला लागली की खरेदीदार कान टवकारायचे. "ही पांढरी, कोरडी. हिरव्या सफरचंदाची फोड आणि लिंबाची साल. भाजलेल्या माशाबरोबर घ्या. मटणाबरोबर घेतलीत तर बिचारी कोपऱ्यात जाऊन रडेल."

"मग मटणाबरोबर काय घ्यायचं?"

"ही काळपट तांबडी. काळे मनुके, जरासा धूर, नव्या पट्ट्याच्या चामड्याचा वास. हिला पेल्यात थोडी बसू द्या. आल्या आल्या बोलणाऱ्यातली नाही ती."

गुलाबी वाइनला ती कलिंगड म्हणायची आणि थंड कोंबडीशी तिचं लग्न लावायची. हलकी तांबडी तिच्या मते चेरीची, ती मश्रूमसोबत. शेवटी यायची वेलीवरच उशिरापर्यंत पिकू दिलेल्या द्राक्षांची गोड वाइन, ती निळ्या चीजसोबत. सगळ्यांची थोरवी वेगवेगळी. माझ्यापर्यंत येईस्तोवर मात्र सगळ्यांचा एकच मळकट गुलाबी रंग व्हायचा, वर पावाचे कण आणि लाळेचा फेस. थोरवी पेल्यात असते, मित्रांनो. थुंकदाणीत सगळे एका जातीचे.

संध्याकाळी बाई मला स्वतः घासायची, मीठ-लिंबू लावून. म्हणायची, "हिच्यात वास राहिला तर उद्याच्या वाइनला लागेल." माझी एवढी कदर दुसऱ्या कुणी केली नाही.

एका थंडीत तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. जीभ होती, आंबट-गोड-तुरट कळत होतं. वास शून्य. सुगंधी साबण आणि सडकं अंडं तिला सारखंच.

ही गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली. कारखान्याचा आचारी हा तिचा पाठचा भाऊ. त्याला नोकरी तिनेच लावून दिली होती. तो रोज सकाळी तिच्याबरोबर तळघरात उतरायचा, पिंपापिंपाशी वाकून हुंगायचा आणि सांगायचा, "ताई, ह्याला सुक्या अंजिराचा वास येतोय. ते कोपऱ्यातलं बिघडलंय, ओल्या पुठ्ठ्यासारखं वास मारतंय." बाई ते डोक्यात ठेवायची आणि टेबलावर बोलायची. कुणाला पत्ता लागला नाही. भावाच्या नाकाने बहीण बोलते आहे, यात मला तेव्हा मायाच दिसली. थुंकदाणीची अक्कल ती केवढी.

मालकांचा मेव्हणा कारखान्याचा हिशेबनीस, पण हिशेब सोडून सगळ्यात नाक खुपसायचा. एकदा तो स्वयंपाकघरात आला, तेव्हा दूध करपून काळं झालं होतं आणि बाई शेजारीच मला घासत गाणं गुणगुणत बसली होती. त्याने दूध पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं. तो मालकांकडे गेला. मालक म्हणाले, "बाईचं नाक ही या घराची इभ्रत आहे. पुरावा आण, नाहीतर तोंड बंद ठेव."

मग मेव्हण्याने आचाऱ्याला गाठलं. मी तिथेच ओट्यावर होते, दिवसभराच्या थुंकीने काठोकाठ भरलेली, अजून घासायची राहिलेली.

"किती दिवस तू तिचं नाक होऊन हिंडणार?" मेव्हणा म्हणाला. "उद्या ती पकडली जाईल, तिच्याबरोबर तूही जाशील. त्यापेक्षा तिच्या खुर्चीवर तुझी बायको बसली तर तुला वाईट वाटेल का?"

आचाऱ्याने बराच वेळ कांदा चिरला. मग म्हणाला, "खुर्चीला उशी लागेल. हिची कंबर दुखते."

झालं. बहिणीचा सौदा उशीवर मिटला.

उरलेलं काम आचाऱ्याने मन लावून केलं, असं म्हणायला हवं. मला फडक्यातून गाळलं. त्यात थोडी गोड वाइन ओतली. सुरई बर्फात ठेवली, कारण थंडीने वास दबतो हे त्याला ठाऊक होतं. मेव्हण्याचा बेत असा, की बाईने सगळ्यांसमोर त्या घाणीचं कौतुक करायचं आणि ती बोलून संपली की त्याने सुरईतलं गुपित फोडायचं. पाहुणा होता एक बडा हॉटेलवाला, मेव्हण्याचा दोस्त, थट्टेचा शौकीन. हसू एकदा पाहुण्यापर्यंत पोचलं की मालकांना बाईला वाचवता येणार नव्हतं.

टेबलावर जाण्याआधी बाईने भावाला दारात थांबवलं. "नवीन सुरई दिसतेय. काय आहे रे?"

"मेव्हण्यांनी मिश्रण केलंय, ताई. मध, पिकलेलं जर्दाळू. मागून जरा संत्र्याची साल."

"खायला काय सांगू?"

"अक्रोडाचा केक."

"शहाणा माझा," ती म्हणाली आणि तिने त्याचा गाल थोपटला. त्याने गाल मागे घेतला नाही.

टेबलावर तिने पेला उचलला, घोट घेतला, गालात फिरवला आणि माझ्यात थुंकली. मी ओळखलं. माझंच मला परत मिळालं होतं. तिच्या जिभेलाही काहीतरी खटकलं असावं. ती थबकली. तिने भावाकडे पाहिलं. भावाने हळूच मान हलवली, बरोबर आहे ताई, बोल.

ती बोलली. "मध आहे. पिकलेलं जर्दाळू. आणि निघता निघता संत्र्याची साल. अक्रोडाच्या केकबरोबर द्या, लोक पुन्हा मागतील."

मेव्हण्याने हसायला तोंड उघडलं. पण हॉटेलवाल्याला कुठला धीर? रीतीप्रमाणे पेला त्याचाच होता. त्याने तो बाईच्या हातातून घेतला, नाक आत खुपसलं, डोळे मिटले आणि घोट चक्क गिळला.

"मध," तो म्हणाला. "अगदी मध. जर्दाळू तर नुसतं जिभेवर लोळतंय. अजून ओता."

ते पाहून मालकांनीही पेला पुढे केला. "खरंच की," मालक म्हणाले, "छान जमलंय." मेव्हण्याचं तोंड उघडं ते उघडंच. आता गुपित फोडणार कसं? हॉटेलवाल्याने आपल्या सगळ्या हॉटेलांसाठी हीच वाइन सांगितली आणि मिशा पुसत गेला. बाईला नाक नव्हतं, मित्रांनो. यांना होतं.

पाहुणा गेल्यावर स्वयंपाकघरात मेव्हण्याने सगळं ओकलं. मालकांनी आधी चूळ भरली. बराच वेळ भरली. मेव्हण्याला ते एक अक्षर बोलले नाहीत, तो बायकोचा भाऊ. ते बाईकडे वळले.

"नाक गेलं तर सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

"नाही."

"मग?"

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

बाईने वाद घातला नाही. ती भावाकडे वळली. "तू गाळलंस?"

"हो."

"फडकं तरी धुतलेलं घेतलं होतंस ना?"

भावाने कांदा चिरायला घेतला. म्हणजे नव्हतं.

त्या दिवशीही तिने मला घासलं. मीठ-लिंबू लावून, गळ्याच्या वाकड्या भागात बोट घालून. मग मला नाकाशी धरून हुंगलं. सवय. मला उपडी ठेवून ती गेली आणि तिच्याबरोबर माझं घासणंही गेलं. आज माझ्या अंगावर हिरवा थर आहे, तळाशी काय आहे ते मी सांगत नाही.

गोष्ट इथे संपती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती. मालकांनी हॉटेलवाल्यासाठी स्वच्छ वाइनचं तसंच मिश्रण केलं. हॉटेलवाल्याने चाखलं आणि म्हणाला, "छे, त्यात दम होता." मालकांनी पुन्हा केलं. पुन्हा छे. तेव्हा मालकांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि आचाऱ्याला हाक मारली.

तेव्हापासून मला मोरीत नाही, पिंपात रिकामी करतात. बाटलीवर सोनेरी अक्षरांत छापलंय: मध, जर्दाळू, अक्रोडाच्या केकसोबत उत्तम. टेबलाच्या टोकाला आचाऱ्याची बायको बसते, पाठीला उशी. रीत तीच आहे, पहिला घोट चाखणाऱ्याचा. तिला नाक आहे, चांगलं तिखट. पेला ओठाजवळ आला की तिला सगळं कळतं, लाळ, शिळा पाव, परक्यांचे दात. चेहरा मात्र हलवायची सोय नाही. ती हसते, "मध" म्हणते आणि माझ्यात थुंकते. दाराशी तिचा नवरा उभा असतो. ती त्याच्याकडे बघते आणि तो मान हलवतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने म्हणायचं असतं की माझी निगा राखा. माझी राखू नका, मी आता घासण्यापलीकडे गेले. पण तुमच्या घरात, कामावर कुणाचं नाक, कान, हात, काही गेलं असेल, तर "माझं गेलं" एवढं बोलायला त्याला जागा ठेवा. ते तुम्हाला जमत नसेल, तर तुमच्या पेल्यात जे येईल ते मुकाट्याने गिळा. मध म्हणा.