शुक्रवारचा पाहुणा

कमलाबाईंनी पिंपरीतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, की जर्मनीत आपल्या अनुपला फार मान आहे. तो र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, हे तर सगळ्यांना पाठच झालं होतं. पण त्याच्या फुटबॉल क्लबचा ट्रेनर दर शुक्रवारी स्वतः चालत घरी येतो, ही गोष्ट काही साधीसुधी नव्हती. "पाऊस असो नाहीतर बर्फ, शुक्रवार चुकवत नाही हो!" असं फोनवर सांगताना बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

कमलाबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, एकट्या आणि तिखट. मार्च लागला की तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे यायच्या, येताना भाजणी आणायच्या आणि आल्या दिवसापासून सुनेच्या फ्रिजमध्ये काय काय सडतंय ते शोधायच्या. सून उत्कर्षा एश्बॉर्नच्या एका आयटी कंपनीत होती. ती हसून सोडून द्यायची, म्हणून त्या घरात शांतता होती. २०१७ चं हे बाईंचं दुसरं वर्ष.

ट्रेनरचं नाव फर्मिन. माणूस स्पेनचा, चाळिशी ओलांडलेला, उंच, डाव्या गुडघ्यात थोडा लंगडणारा. बेल वाजवायचा, पायपुसण्यावर बूट काढायचा, पण लगेच आत यायचा नाही. तिथेच उभ्या उभ्या अनुपला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये काहीतरी सांगायचा. अनुप मान हलवून म्हणायचा, "या, गेनाऊ." म्हणजे हो, बरोबर. मग फर्मिन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तेव्हाच आत पाऊल टाकायचा. बाईंनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं, की हा त्यांच्याकडचा आशीर्वाद असणार.

"बसा, बसा," बाई म्हणायच्या आणि तव्यावरचं थालीपीठ थेट त्याच्या ताटात टाकायच्या. फर्मिन तुकडा मोडायचा आणि हातातच धरून बसायचा. पहिला घास काही केल्या लवकर तोंडात जायचा नाही. लाजतोय बिचारा, असं म्हणत बाई दह्याची वाटी पुढे सरकवायच्या. "खा. थंड होतंय." तो एकदा खायला लागला, की मग तीन थालीपिठांवर थांबायचा नाही. जयंतीच्या आठवड्यात त्याने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोबद्दल विचारलं, तेव्हा बाईंनी मराठीतून तासभर सांगितलं आणि त्याने उत्कर्षाच्या जर्मनमधून ते सगळं ऐकलं. वर्गाबाहेर बसवलेल्या पोराची गोष्ट ऐकून तो बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला होता. तेव्हापासून बाईंच्या लेखी तो घरचाच झाला.

मग मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार आला. बाईंनी भाजणी भिजवली, कांदा बारीक चिरला, तवा तापवला. सहा वाजले, सात वाजले. बेल काही वाजेना.

"अनुप, तू काय केलंस रे?" बाईंनी गॅस बंद केला. "माणूस आजारी आहे का तू काही बोललास त्याला?"

अनुप सोफ्यावर बसून नवे कोरे ग्लोव्हज बोटांत घालून पाहत होता. "आई, तो आज येणार नाही."

"का?"

"परवा मी खेळतोय म्हणून."

बाईंना काही कळेना. त्यांनी सुनेकडे पाहिलं. उत्कर्षा ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, अनुप दोन नंबरचा गोलकीपर आहे," ती म्हणाली. "पहिला म्हणजे फ्लोरियान. त्याचं काल बोट मोडलं. फर्मिनची एक पद्धत आहे. ज्याला खेळवायचं नाही, त्याला तो घरी जाऊन सांगतो. फोन नाही, मेसेज नाही. आधी दारात उभं राहून सांगायचं, आणि मग त्याने बोलावलं तर आत बसायचं."

"म्हणजे दर शुक्रवारी..."

"या रविवारी तू बाकावर, असं सांगायला यायचा."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. दोन वर्षं! दोन वर्षं आपण पिंपरीभर पेढे वाटल्यासारखी ही बातमी वाटत होतो, आणि तो गृहस्थ आपल्या पोराला नाही म्हणायला येत होता. वर आपली थालीपिठं चेपत होता! नाकाचा शेंडा लाल झाला. "आणि तुम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून बसलात?"

"तू इतकी खूश असायचीस," अनुप म्हणाला. "माझ्याच्याने सांगवलं नाही."

त्या दिवशी उत्कर्षाने बाईंना फर्मिनची सगळी कहाणी सांगितली. तो स्पेनमध्ये चौदा वर्षं खेळला, पण कधी वरच्या लीगमध्ये नाही. तिसऱ्या-चौथ्या दर्जाचे, छोट्या गावांचे क्लब. टीव्हीवर कधी न दिसणारे. बसने रात्र काढायची, सकाळी उतरून खेळायचं, नाहीतर बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ बघायचा. शेवटच्या क्लबात तो एका सकाळी सरावाला गेला, तर त्याची बॅग ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर ठेवलेली होती. आत बाकीचे कपडे बदलत होते. बाहेर येऊन कोणी एक शब्द बोललं नाही. तो बॅग उचलून घरी गेला, आणि तो त्याच्या खेळण्याचा शेवटचा दिवस ठरला. पुढे बायको पिलार नर्स म्हणून जर्मनीत आली, तिच्यामागून हाही आला. दिवसा पार्सलच्या गोदामात काम आणि संध्याकाळी मैदान. खालच्या दर्जाच्या लीगमधला हा गल्लीतला क्लब, पण फर्मिनच्या आयुष्यातली ही पहिली टीम, जिचा तो ट्रेनर होता.

बाईंचा राग कधी उतरला ते त्यांनाही कळलं नाही. पहिला घास त्याच्या घशाखाली का उतरत नव्हता, ते मात्र आता कळलं.

रविवारी बाई पहिल्यांदाच मैदानावर गेल्या. मोसमातली शेवटची मॅच होती. बरोबरी झाली असती तरी क्लब तगला असता, हरला तर खालच्या लीगमध्ये. अनुपने पहिले दोन बॉल छान अडवले आणि बाईंनी आजूबाजूच्या जर्मन बायकांना अभिमानाने सांगितलं, "माय सन." त्यानंतर चार गोल झाले. एक तर सरळ त्याच्या दोन पायांमधून गेला. शिट्टी वाजली तेव्हा अनुप गोलात गुडघ्यांवर बसला होता. सगळ्यात आधी त्याच्यापर्यंत पोचला तो लंगडत धावणारा फर्मिन. त्याने अनुपला उठवलं आणि लोकांसमोर घट्ट मिठी मारली.

मंगळवारी संध्याकाळी अनुप क्लबातून घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"फर्मिनला काढला," तो म्हणाला. "पुढच्या मोसमाला नवा ट्रेनर. आमच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं."

"त्याला सांगितलं?"

"उद्या सकाळी मेल जाणार आहे."

"मेल," बाई म्हणाल्या. त्या शब्दाची चवही त्यांना आवडली नाही. "म्हणजे पुन्हा बॅग दाराबाहेरच. आज जायचं. आत्ता."

"आई, काहीतरीच काय! ते फोरश्टांटचं, क्लबच्या कमिटीचं काम आहे. आणि मॅच कुणामुळे हरलो? चार गोल मी खाल्ले. मी कुठल्या तोंडाने त्याच्या दारात उभा राहू?"

"तो ज्या तोंडाने तुझ्या दारात उभा राहायचा, त्याच." बाईंनी भाजणीचा डबा काढला. "मी तीस वर्षं लोकांना मरणाच्या बातम्या जोडून दिल्या, अनुप. पलीकडे माणूस एकटा रिसीव्हर धरून गप्प होतो ना, ती शांतता मला अजून ऐकू येते. त्या माणसाला मी तसं एकट्याने वाचू देणार नाही. उत्कर्षा, कांदा चिर."

तिघं निघाली तेव्हा आठ वाजून गेले होते, पण मे महिन्यातलं ऊन अजून छपरांवर होतं. फर्मिनचं घर मैदानापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. त्यानेच दार उघडलं. बाई, त्यांच्या हातातला थालीपिठांचा डबा आणि मागे लेक-सून पाहून त्याचा चेहरा असा फुलला, की अनुपने मान खाली घातली. या घरात पाहुणे आले होते!

"बसा!" फर्मिन म्हणाला. "बसा, बसा!" त्याला येणाऱ्या दोन मराठी शब्दांपैकी हा एक.

बाईंनी पायपुसण्यावर चपला काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या. फर्मिनने त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग अनुपकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"सांग," बाई लेकाला हलकेच म्हणाल्या.

अनुपने सांगितलं. जर्मनमध्ये, सरळ त्याच्या डोळ्यांत बघून, काही न लपवता. मेल उद्या येणार आहे हेही सांगितलं, आणि मला माफ कर, असंही म्हणाला. आतून पिलार येऊन नवऱ्याच्या मागे उभी राहिली होती. फर्मिनने खाली पाहत मान हलवली.

"या," तो म्हणाला. "गेनाऊ."

कमलाबाई टाचा उंचावून उभ्या राहिल्या. त्या उंच माणसाच्या खांद्यापर्यंत त्यांचा हात जेमतेम पोचला, पण पोचला. फर्मिनने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्याचे डोळे भरून आले. बाईंचेही आले. त्यांनी पदराने आधी स्वतःचे पुसले.

मग तो दारातून बाजूला झाला आणि पुन्हा म्हणाला, "बसा."

छोट्याशा टेबलाभोवती पाच जण दाटीवाटीने बसले. पिलारने ताटल्या मांडल्या, दही काढलं, डबा उघडला. बाईंनी थालीपिठाचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. समोरून फर्मिन पाहत होता. त्याने दह्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"खा," तो म्हणाला.